फुटलेले तावदान

नळ गळू लागला की त्याच संध्याकाळी प्लंबरला निरोप जातो आणि दिवा लागेनासा झाला की घरातील कोणीतरी स्टुलावर चढतेच. परंतु दाराच्या झडपेतील काच तडकली, तर त्या तड्यावर चिकटपट्टी ओढून, अथवा तुकडा निखळून पडलाच असेल तर त्या जागी पुठ्ठा ठोकून, पुढच्या रंगकामाच्या वेळी काय ते पाहू अशी समजूत करून घेण्याची वहिवाट आपल्या घरांत फार जुनी आहे. या चालढकलीच्या मुळाशी आळस क्वचितच असतो. काच हा पदार्थच परका वाटतो. लाकडाला पटाशी लावण्याचे धैर्य असलेला मनुष्यही काचेपुढे बिचकतो. आणि तावदान बसवण्याचे काम सुताराचे, रंगाऱ्याचे की काचवाल्याचे, याचाच निवाडा न झाल्यामुळे ते कोणाकडेच जात नाही. वस्तुतः त्यात तिघांच्याही कसबाचा अंश आहे, आणि थोडी माहिती व पुरेसा धीर असेल तर घरच्या माणसालाही ते साधण्यासारखे आहे. मात्र काच का फुटली याचा शोध दारात घेतल्यावाचून, आणि त्या जागी कोणत्या जातीची काच असावी याचा नव्याने विचार केल्यावाचून, जुन्या मापाचे नवे तावदान आणून बसवणे हा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातला प्रकार होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत दादर-माटुंग्यास, पुण्यात डेक्कन जिमखान्यावर आणि नागपुरात धंतोलीच्या बाजूस स्वातंत्र्याच्या आगेमागे जी घरे बांधली गेली, त्यांच्या दिवाणखान्याच्या दारांत खालचा भाग सागवानी फळीचा आणि वरचा भाग लहान लहान तावदानांचा, अशी रचना पुष्कळ ठिकाणी आढळते. अशा दारांना लागणारी सपाट काच एके काळी परदेशातून, विशेषतः बेल्जियममधून येत असे. येथे काचेचे कारखाने नव्हते असे नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या पैसा फंडात लोकांनी एकेक पैसा टाकून जी रक्कम जमवली, तिच्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. लोकमान्य टिळकांचे त्यास पाठबळ होते, आणि परदेशात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे ती विद्या रुजवली. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. परंतु कंदिलाची काच फुंकून घडवणे आणि दाराला लागणारा सपाट तक्ता तयार करणे या दोन भिन्न विद्या आहेत, व दुसरी अधिक अवघड आहे.

पूर्वी असा तक्ता तयार करताना कारागीर काचेचा लांबट पोकळ नळा फुंकून काढीत, तो उभा चिरीत आणि भट्टीत पुन्हा तापवून उलगडून सपाट करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियमच्या एमिल फूर्को याने वितळलेल्या काचेतून सरळ वरच्या दिशेने अखंड पट्टा ओढून काढण्याची युक्ती सिद्ध केली. या दोन्ही रीतींनी झालेल्या काचेत सूक्ष्म लाटा राहत, आणि म्हणूनच जुन्या दारातून अंगणातील झाड पाहताना त्याचे खोड किंचित वळवळल्यासारखे दिसते. काच शतकानुशतके ओघळत खाली सरकते आणि त्यामुळे ती तळाशी जाड होते, असे पुष्कळ जण सांगतात. तो समज निराधार आहे, ती विषमता जन्मतःच आलेली असते. आज बाजारात मिळणारी काच निराळ्या कुळातली. १९५२ पासून सात वर्षे खपून इंग्लंडातील ॲलिस्टर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथलाच्या पृष्ठावर काचेचा रस तरंगत पसरू देण्याची जी पद्धत १९५९ साली जगापुढे ठेवली, तिने दोन्ही अंगे न घासताच आरशासारखी गुळगुळीत निघू लागली, आणि यथावकाश आपल्याकडेही पनवेलनजीक तळोजे येथे तशा काचेचा कारखाना झाला. याचा व्यवहारातील परिणाम असा की, जुन्या दारातील बारा तावदानांपैकी एकच बदलले तर ते अकरांच्या मेळात परके दिसते. ज्यांना याची रुखरुख वाटते त्यांनी मोडून काढलेल्या जुन्या दारांच्या दुकानात जाऊन त्याच काळच्या काचेचा तुकडा शोधावा. तो मिळतो, आणि काळजीपूर्वक कापला तर कापलाही जातो.

काच दुर्मिळ असतानाही प्रकाशाची सोय माणसाने केलीच होती. गोव्याच्या जुन्या घरांत आणि चर्चच्या इमारतींत लाकडी पट्ट्यांच्या जाळीत पातळ शिंपांचे चौकोन बसवलेल्या खिडक्या अद्याप पाहावयास मिळतात; झुआरीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत या शिंपा सापडतात, आणि त्यांतून आत येणारा मोतिया उजेड डोळ्यांना अत्यंत सुखावह असतो. त्यांतील एक शिंप निखळली तर दुसरी तासून तेथेच सरकवता येते. फुटलेला अवयव स्वतंत्रपणे बदलता यावा ही सोय त्या जुन्या सुतारांनी रचनेतच करून ठेवली होती, आणि लहान तावदानांच्या दाराचाही मोठा गुण हाच आहे.

आता काच फुटते का, याकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडातील ॲलन ग्रिफिथ या अभियंत्याने काचेच्या तंतूंवर प्रयोग करून असे दाखवले की, काच अंगच्या बळाने जेवढा ताण सोसू शकेल त्याच्या अत्यल्प अंशावर ती प्रत्यक्षात तुटते, कारण तिच्या पृष्ठावर आणि कडांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा असतात व सर्व ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो. धातू अशा वेळी किंचित वाकून ताण वाटून घेतो. काचेला वाकणे ठाऊक नाही. त्यातून ओलावा हा चिरेचा साथीदार आहे. ताणाखाली असलेल्या चिरेच्या टोकाशी पाण्याचा अंश पोहोचला की काचेचे अंतर्गत बंध सुटू लागतात, चीर मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते, आणि म्हणून वैशाखात कडेला पडलेली टवकी श्रावणात एका रात्री तावदानाच्या आरपार गेलेली दिसते. काल कोणी हातही लावला नव्हता असे घरचे लोक शपथेवर सांगतात, आणि ते खरेही असते.

ही टवकी, हा ताण, दारातूनच येतो. बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन झडप खाली झुकली की तिची चौकट काटकोनात राहत नाही, आणि लाकडाच्या त्या मुरड्यात काच दोन विरुद्ध कोपऱ्यांत चिमटली जाते. पावसाळ्यात लाकूड फुगते. कोकणातल्या फणसाच्या लाकडाची दारे तर आषाढात खांद्याने रेटावी लागतात. अशा वेळी काच खाचेत अगदी घट्ट मापाची बसवलेली असेल तर तिला जागाच उरत नाही. पूर्वीच्या कोणा घाईच्या हाताने पट्टी ठोकताना एखादी चूक, म्हणजे बारीक खिळा, काचेला टेकवून ठेवलेली असते, आणि दार आपटल्याबरोबर तेवढाच बिंदू घात करतो. लांबी, म्हणजे दुकानात पुट्टी या नावाने मिळणारा खडू-तेलाचा लेप, वाळून गळून गेली की तावदान खाचेत खुळखुळू लागते. जवळून मालमोटार गेली तरी ते वाजते, आणि घरातल्या सर्वांच्या कानांना त्या आवाजाची सवय झालेली असल्याने ती सूचना वाया जाते. आणि अर्थात वारा. वळवाचा पाऊस येण्यापूर्वी जो झंझावात सुटतो, त्यात समोरासमोरची दोन दारे उघडी असतील तर एक आपटल्यावाचून राहत नाही. झडप उघडी राहील तेथे भिंतीला एक आकडी आणि खाली एक रबरी अडणी, एवढी तजवीज असती तर काचवाल्याच्या दुकानाची पायरी चढण्याचा प्रसंग पुष्कळ घरांवर आला नसता.

काच कोणती बसवावी, हा दुसरा प्रश्न, आणि मी त्याला पहिल्याहून अधिक महत्त्व देतो. साधी काच फुटते तेव्हा तिचे लांब, सुरीसारखे निमुळते तुकडे होतात. धावत आलेले मूल उंबरठ्याला अडखळून तळहात पुढे करते. हात काचेतून पलीकडे जातो तेव्हा इजा होतेच, परंतु घाबरून तो मागे ओढला जातो तेव्हा मनगटाची शीर चिरली जाते. खिडकीच्या काचेवर कोणी सहसा धडकत नाही, दाराच्या काचेवर धडकते, कारण दार हा माणसांच्या जाण्यायेण्याचा मार्गच आहे. म्हणून ब्रिटनच्या इमारतविषयक नियमांत दारातील जमिनीपासून दीड मीटर उंचीपर्यंतच्या काचेसाठी आघातापासून सुरक्षिततेचा दंडक घालून दिलेला आहे; आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतही काचेसाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि सुरक्षित काचेचे गुणधर्म भारतीय मानक २५५३ यात नमूद आहेत. घर जुने आहे म्हणून ही दृष्टी ठेवू नये असे थोडेच आहे? कमरेखालचे तावदान फुटले असेल तर तेथे पुन्हा साधी काच बसवण्यास मी कोणालाही अनुमोदन देणार नाही.

सुरक्षित काच मुख्यतः दोन जातींची. एक कडक केलेली, जिला दुकानात टफन काच म्हणतात. साधी काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचा झोत सोडला की पृष्ठभाग आधी थिजतो, मागाहून थिजणारा गाभा त्याला आत ओढून धरतो, आणि या कायमच्या दाबामुळे ती साध्या काचेच्या चौपट-पाचपट आघात सोसते. फुटलीच तर तिचे खडीसाखरेएवढे बोथट खडे होतात. तिची मोठी अडचण अशी की, एकदा कडक केल्यावर ती कापता येत नाही, कडेने घासताही येत नाही. माप चुकले तर सबंध काच वाया जाते. कोपऱ्यातील कायमचा छाप पाहूनच ती घ्यावी. दुसरी जात थरांची: दोन काचांमध्ये चिवट पारदर्शक पापुद्रा दाबून बसवलेला असतो, काच तडकली तरी तुकडे त्या पापुद्र्याला धरून राहतात, आणि भोक न पडल्यामुळे चोराचीही गैरसोय होते. मात्र ती जाड असते; जुन्या दाराच्या उथळ खाचेत ती मावते की नाही हे आधी पाहावे. या दोन्हींचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांनी निदान शाबूत असलेल्या खालच्या तावदानांवर आतून सुरक्षा-पापुद्रा चिकटवून घ्यावा. स्नानगृहाच्या दाराला दुधी काच लावायची असेल तर तिचे खरखरीत अंग पाण्याच्या बाजूस येऊ देऊ नये. त्या अंगावर पाणी बसले की खळगे भरून निघतात आणि ती जवळजवळ पारदर्शक होते.

फुटकी काच काढताना घाई करू नये. मुलांना आणि पाळीव जनावरांना दुसऱ्या खोलीत पाठवावे, पायात जाड तळाची पादत्राणे, हातात चामड्याचे मोजे व डोळ्यांवर चष्मा असावा, आणि झडप हलू नये म्हणून तिच्या खाली दोन्हीकडून पाचरी माराव्यात. उरलेल्या काचेवर चिकटपट्टीचे आडवे-उभे पट्टे लावले की ती फुटली तरी उधळत नाही. खाली गोणपाट पसरून वरच्या तुकड्यांपासून आरंभ करावा, कारण खालचे तुकडे आधी काढले तर वरचा लोंबता तुकडा हातावर उतरतो. सैल झालेले तुकडे पुढेमागे हलवत, सरळ ओढून काढावेत, पिळू नयेत. जमिनीवरचे मोठे तुकडे उचलून झाल्यावर खोली अंधारी करून विजेरीचा झोत फरशीला समांतर धरला म्हणजे राहिलेले कण चमकू लागतात, आणि भिजवलेल्या कणकेचा गोळा त्यांवरून दाबत फिरवला की केरसुणीला न सापडणाऱ्या बारीक कुसळी त्यात रुतून येतात. तो गोळा टाकून द्यावा, जनावरापुढे जाऊ देऊ नये.

हे तुकडे कचऱ्याच्या पिशवीत तसेच सारणे हा मी अपराध समजतो. घंटागाडीवरील माणूस ती पिशवी उघड्या हाताने दाबतो आणि उचलतो; पुढे वर्गीकरणाच्या ठिकाणी पुन्हा कोणीतरी तिच्यात हात घालते. वर्तमानपत्राच्या अनेक घड्यांत तुकडे गुंडाळावेत, ते पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून सुतळीने बांधावे, वर ठळक अक्षरांत ‘फुटकी काच’ असे लिहावे, आणि शक्य असेल तर ते खोके त्या माणसाच्या हाती सांगून द्यावे. यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

काच निघाली तरी जुनी लांबी खाचेत दगडासारखी बसलेली असते. ती पटाशीने उचकटताना लाकडाची कड सोलून निघते, म्हणून आधी तिला ऊब द्यावी. उष्ण हवेचे यंत्र नसेल तर जाड फडक्यावरून तापलेली इस्त्री काही वेळ टेकवून ठेवली तरी ती मऊ होते. जुन्या रंगांत शिशाचा अंश असण्याचा संभव असल्यामुळे कोरडा रंग घासून धूळ उडवू नये; ओल्या पॉलिशपेपरने घासावे व नाकावर कापड बांधावे. आतल्या जुन्या चुका पकडीने उपटून काढाव्यात. खाच लाकडापर्यंत स्वच्छ झाली की तिला रंगाचा पहिला हात, प्रायमरचा, अवश्य द्यावा. हा हात वगळला तर कोरडे लाकूड नव्या लांबीतील तेल पिऊन टाकते आणि ती वर्षाच्या आत भेगाळते. कित्येक कारागीर येथेच चुकारपणा करतात, आणि काम झाकले गेल्यावर तो कोणाच्या ध्यानी येत नाही.

माप घेताना रुंदी वर, मध्ये व खाली, आणि उंचीही तशीच तीन ठिकाणी मोजावी. गुण्या लावून कोपरे तपासावेत. सर्वांत लहान माप धरून त्यातून दोन्ही दिशांनी सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे जुन्या सुतारांच्या भाषेत सूतभर, वजा करावे. ही सूट लाकडाच्या फुगण्यासाठी आहे, आणि खाचेत काच सैल दिसते म्हणून ती खाऊन टाकण्याचा मोह आवरला पाहिजे. लहान तावदानाला ३ किंवा ४ मिलिमीटर जाडी पुरते; मोठ्या एकसंध काचेला ५ किंवा अधिक लागते, परंतु वजनाचाही हिशेब ठेवावा. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते, म्हणजे दोन फूट रुंद व तीन फूट उंच अशी ५ मिलिमीटरची काच सुमारे सात किलोंची झाली. तो भार जुन्या बिजागऱ्यांनी वाहावयाचा असतो.

काच कापण्याचे काम दुकानातच करून घ्यावे हे उत्तम, आणि ते पाहत उभे राहण्यासारखे असते. कारागीर घोंगडी पसरलेल्या मेजावर तक्ता ठेवतो, फडक्याने एकदा पुसतो, पट्टी लावतो आणि रॉकेलमध्ये बुडवलेले पोलादी चाकाचे कटर दूरच्या कडेवर टेकवून एकाच दमात आपल्याकडे ओढीत आणतो. त्या वेळी रेशीम फाडल्यासारखा एक अखंड, बारीक आवाज होतो. आवाज कर्कश झाला तर दाब अधिक पडला, मध्येच तुटला तर रेघ कोरी राहिली, हे जाणता माणूस न पाहता सांगतो. एका रेघेवर दुसऱ्यांदा कटर कधीही फिरवायचे नसते. रेघ उमटताच तो तक्ता मेजाच्या कडेशी सरकवतो, रेघ बरोबर कडेवर आणतो, बाहेरचा भाग दोन्ही हातांच्या अंगठ्यांखाली धरून किंचित खाली दाबतो, आणि काच सरळ रेषेत निमूट वेगळी होते. पृष्ठावर मुद्दाम उमटवलेली ती चीर इतर सर्व चिरांहून खोल असल्याने तुटण्याने तिचीच वाट धरावी, एवढेच ते रहस्य आहे. कापलेल्या कडांवर ओल्या दगडाचा हलका हात फिरवून घेण्यास त्याला सांगावे. बोटे वाचतात, आणि कडेवरची टवके पाडणारी धारही मरते. घरी नेताना काच उभी न्यावी, घरी ठेवताना उभीच टेकवून ठेवावी. आडवी ठेवलेली काच स्वतःच्या वजनाने वाकून तडकते.

आता लांबी. बारीक चाळलेल्या खडूची भुकटी आणि जवसाचे तेल, वजनाने साधारण सहाला एक, या प्रमाणात मळून ती होते. तयार मिळते, परंतु डबा जुना असेल तर तेल वर तरंगलेले आणि खाली गोळा कडक झालेला असतो, तो पुन्हा मळावाच लागतो. विदर्भात जवस पिकते, त्याची चटणी आपण आवडीने खातो. त्याच तेलाचा हा दुसरा गुण की, हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट पापुद्र्यात बदलते. याच गुणामुळे तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. काम संपताच ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. या बाबतीत हयगय करू नये.

हाताला न चिकटेल आणि वळताना न तुटेल इतकी लांबी मळून झाली म्हणजे तिची करंगळीएवढी वळी करून ती प्रथम खाचेच्या आतल्या अंगाला सर्व बाजूंनी अंगठ्याने दाबून बसवावी. हे काचेचे अंथरूण. काचेने कोठेही उघड्या लाकडाला टेकू नये म्हणून त्याची योजना आहे. त्यावर तावदान खालच्या कडेने आधी टेकवून वर नेत बसवावे आणि केवळ कडांवर, कधीही मध्यभागी नाही, समान दाब देत जावे, म्हणजे जास्तीची लांबी पाठीमागून बाहेर पडते व काचेमागे दोनेक मिलिमीटरचा थर राहतो. काच मोठी असेल तर खाचेत लाकडाचे वा रबराचे लहान ठोकळे ठेवावेत: एक खाली बिजागरीच्या बाजूस, दुसरा वर कडीच्या बाजूस. अशा तिरक्या आधाराने काचच झडपेला तोलून धरते आणि झडप झुकत नाही. नंतर दर वीसेक सेंटिमीटरवर बिनमाथ्याची चूक काचेच्या अंगालगत लाकडात मारावी. हातोडीऐवजी पटाशीचे चपटे अंग काचेवरून सरकवत ठोकले तर घाव काचेवर उतरत नाही. चूक काचेला अडवून धरणारी असावी, तिला दाबणारी नसावी.

मग बाहेरून लांबीची दुसरी वळी भरायची, आणि पातळ पात्याची पट्टी तिरकी धरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता ओढत न्यायची. चांगल्या हाताची खूण अशी की, हा उतार पावसाचे पाणी बाहेर टाकतो, आणि घरात उभे राहून पाहिले असता तो काचेच्या पलीकडे कोठेही डोकावत नाही. लांबीऐवजी लाकडी पट्टी लावायची असेल तर ती घराच्या आतल्या अंगाने लावावी. बाहेरून लावलेली पट्टी कोणीही पेचकसाने उचकटून कडीपर्यंत हात घालू शकतो. लांबीवर एक-दोन आठवड्यांनी साय धरली की रंगाचे दोन हात द्यावेत, आणि रंगाची रेघ मुद्दाम दोन मिलिमीटर काचेवर येऊ द्यावी. तेवढ्या रेघेने काच व लांबी यांच्यातील सांध्यात पाणी शिरण्याचा मार्ग बंद होतो. रंगारी ती रेघ चुकून आली असे समजून पात्याने खरवडून काढू लागतो. त्यास वेळीच थांबवावे.

ॲल्युमिनियमच्या दारांत लांबी नसते. तेथे काच रबराच्या पट्टीत किंवा सिलिकॉनमध्ये बसते, आतल्या बाजूची धातूची पट्टी दाबून सोडवली की ती निघते, आणि बदलणे पुष्कळच सोपे जाते. तेथे फक्त दोन गोष्टी पाहाव्यात: जुने रबर कडक झाले असेल तर काचेबरोबर तेही बदलावे, आणि सिलिकॉन भरल्यावर निदान एक दिवस झडप हलवू नये.

तडा सांधून काच वाचवता येते का, असे लोक नेहमी विचारतात. साध्या काचेच्या बाबतीत उत्तर नकारार्थीच आहे. सांधलेला तडा दिसत नाहीसा झाला तरी ताण त्याच्याच टोकाशी साठत राहतो. परंतु जुन्या वाड्यांच्या दारांवरील झरोक्यांत तांबड्या, निळ्या, हिरव्या काचांची जी तावदाने आहेत त्यांचा रंग आज हुबेहूब मिळणे दुरापास्त आहे, आणि तेथे मात्र मी सांधण्याच्याच बाजूचा आहे. तुकडे स्पिरिटने पुसून, मेणकागदावर जुळवून, पातळ पारदर्शक इपॉक्सीचा थेंब सांध्यावर सोडला की तो आपोआप आत ओढला जातो. जुळलेली काच मागून पातळ साध्या काचेचा आधार देऊन, खाच तेवढी खोल असेल तर दोन्ही काचा एकत्र, पूर्वीप्रमाणेच अंथरुणावर बसवावी. तेथे वर हात पोहोचत नाही आणि माणूस धडकत नाही, म्हणून ती पुष्कळ वर्षे टिकते. फक्त त्या झरोक्याखालच्या झडपांना आकडी आणि अडणी आहे ना, हे त्याच दिवशी, शिडी उतरण्यापूर्वी, पाहून घ्यावे.